पाळण्यासारखी डोलणारी बोट

माझं चष्म्याचं दुकान तळमजल्यावर, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर तिकीटताईंचं ऑफिस. मधे लाकडी तक्तपोशी, तीही जुनी. त्यामुळे मी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असलो, की वर ताई फोनवर कुणाला तरी विचारत असायच्या, "पण त्या बाथरूमला पायरी आहे का? किती उंच? तुम्ही स्वतः मोजलीत की अंदाजपंचे सांगताय?" गिऱ्हाईक हसायचं. मला सवय झाली होती.

तिकीटताई हे नाव त्यांना एका विमान कंपनीच्या काउंटरवर चिकटलं. तिथे त्या बारा वर्षं हाताने तिकिटं लिहीत होत्या. पुढे काउंटर बंद झाला, ताईंनी माझ्या वरची खोली घेतली आणि लोकांच्या परदेशातल्या मोठ्या सहली आखायला लागल्या. झेंड्यामागून पळत तेरा दिवसांत नऊ शहरं, तसल्या सहली नव्हेत. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसाच्या मनात एकच काहीतरी असायचं, आणि ते वर्षानुवर्षं घर करून असायचं. काचेच्या खोलीत पाठीवर पडून उत्तरेकडच्या आकाशातला हिरवा उजेड बघायचा. पहाटे फुग्यात बसून जंगली कळपांवरून जायचं. खुर्चीत बसल्या बसल्या सगळे तेच म्हणायचे, "मरायच्या आधी एकदा तरी..."

ताई वही उघडत म्हणायच्या, "यातलं 'एकदा तरी' तुमचं. 'मरायच्या आधी' तेवढं माझ्याकडे सोडा."

ही थट्टा होती, पण अर्धीच. राजेशाही खोली कुणीही मिळवून देतं, ताई तिच्या खिडकीची कडी लागते का ते विचारायच्या. दवाखाना किती लांब, न्यायला येणारा ड्रायव्हर आलाच नाही तर दुसरा कोण, सगळं वहीत. त्यांचा नवरा चेष्टेने म्हणायचा, "ही लोकांना सहलीला पाठवते का लढाईवर, तेच कळत नाही."

एकाच माणसाला ही गंमत वाटायची नाही. त्यांची धाकटी बहीण. सव्वीस वर्षांपूर्वी धाकटीचं लग्न झालं, तेव्हा बेटावरच्या हनिमूनचं बुकिंग ताईंनी आदल्या दिवशी रद्द केलं होतं. वादळ येतंय म्हणून. वादळ आलं नाही. तो आठवडा धाकटीने सासरचा माळा झाडण्यात घालवला. घरात चार माणसं जमली की हा किस्सा निघायचाच, आणि सगळे हसत असताना ताई आतल्या खोलीत काहीतरी आणायला जायच्या.

म्हणून धाकटी जेव्हा आपल्या आणि पाच मैत्रिणींच्या इच्छांची यादी घेऊन जिना चढली, तेव्हा ताईंना कोण आनंद झाला! खाली येऊन मला सांगितलं, "भाऊ, बहीण आली बुकिंगला. आपणहून."

सहा जणी कॉलेजपासूनच्या. पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांची म्होरकी दातांची डॉक्टरीण, आवाज असा की समोरच्याने आपोआप तोंड उघडावं. यादीत पहिलंच होतं, थंड समुद्रात लाकडी बोटीवर चार दिवस राहून देवमासे बघायचे. ताईंकडे त्यासाठी ठरलेली बोट होती. तिचा कप्तान त्यांच्या ओळखीचा, अकरा वर्षांपासूनचा. प्रत्यक्ष कधी भेट नाही, पण फोन आणि पत्रांची ओळख. हा म्हातारा ताईंच्याच जातकुळीचा होता. बुकिंग पाठवलं की उलट प्रश्न यायचे, पोहता येतं का, शिडी चढता येते का, औषधं कुठली चालू आहेत.

या वेळी प्रश्न आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या. 'सगळं उत्तम होईल. आपल्या पाहुण्यांना राजेशाही अनुभव मिळेल.' सही कप्तानाची नव्हती, 'व्यवस्थापन' एवढंच.

सोबत नवे फोटो होते. पांढरी बोट आता गर्द निळी झाली होती, आणि तिच्या माथ्यावर काचेची खोली उभी होती. खोलीत सहा जणी मावतील एवढा पितळी टब. गरम पाण्यात बसा, हातात पेला धरा, समोर देवमासे. धाकटीने फोटो बघितला आणि तिथल्या तिथे पाचही जणींना पाठवून दिला. ताई मात्र खाली आल्या. हातात कागद.

"भाऊ, तुमचं ते मोठं भिंग द्या जरा."

बोटीचं तपासणी सर्टिफिकेट त्यांनी मागवून घेतलं होतं. आलेली प्रत इतकी बारीक आणि पुसट, की जणू कुणी वाचू नये अशीच. आम्ही दोघं दिव्याखाली वाकलो. एक शब्द त्या वाचायच्या, एक मी. प्रवाशांचा डेक, एक. वरच्या भागातलं बांधकाम, नाही. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"काचेची खोली गेल्या हिवाळ्यात बांधली," ताई म्हणाल्या. "त्यांनीच कौतुकाने लिहिलंय."

"मग नवीन तपासणी झाली असेल."

"झाली असती तर नवा कागद पाठवला नसता का?"

माझा थोरला भाऊ जन्मभर मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत होता. आता गुडघे गेलेत, दुपारचा दुकानात येऊन बसतो. तो कोपऱ्यातून हे ऐकत होता. त्याने फोटो मागून घेतला, बराच वेळ लांब धरून बघितला.

"टब भरल्यावर किती पाणी राहतं यात?" त्याने विचारलं.

"दोन हजार लिटर. ब्रोशरमध्ये आहे."

"म्हणजे दोन टन. वर पितळ, काच, सहा माणसं. आणि हे सगळं कुठे, तर डोक्यावर." त्याने फोटो परत दिला. "ताई, एक सांगतो. जी बोट झटक्याने कलते आणि झटक्याने सरळ होते, तिच्यात माणसं ओकून ओकून बेजार होतात. ती बोट चांगली. जी सावकाश कलते, तिथे जरा थांबते, मग सावकाश उठते, तिच्यात कुणाला मळमळत नाही. सगळे म्हणतात, वा, काय पाळण्यासारखी डोलते! तिची मला भीती वाटते. कारण एकदा ती थांबते आणि उठायचं विसरते."

ताई वर गेल्या. थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज आला, त्या मोठ्याने वाचत होत्या. त्या बोटीवर जाऊन आलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय. गेल्या दोन महिन्यांतले. एकाने लिहिलं होतं, 'मला कारमध्येही मळमळतं, पण इथे अजिबात त्रास झाला नाही.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'बोट इतकी हळुवार डोलते की बाळासारखी झोप लागली.' असे चौदा.

दादाने दुकानात बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले.

त्याच संध्याकाळी ताईंनी कप्तानाच्या घरचा नंबर शोधून फोन लावला. बायकोने उचलला. कप्तानाला आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता, बोट विकून टाकली होती. ताईंनी काचेच्या खोलीचं विचारलं. मग कप्तानीणबाई म्हणाल्या, "मी त्यांच्या कानाला फोन लावते. त्यांना कळतं सगळं. बोलता येत नाही."

ताईंनी पुन्हा विचारलं. पलीकडे नुसता श्वास. मग एक शब्द, ओढून ओढून काढलेला. "जड." पुन्हा, "जड." तिसऱ्यांदा म्हणायला गेला आणि रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बुकिंग रद्द केलं आणि सहाही जणींना ऑफिसात बोलावलं. त्या दिवशी माझ्या दुकानात एकही शब्द ऐकायचा राहिला नाही.

"त्या बोटीवर शेकडो लोक जाऊन आलेत," डॉक्टरीण म्हणाली. "सगळे खूश. तुमच्याकडे काय आहे? एक जुनी तारीख आणि एक आजारी म्हातारा."

"हो. एवढंच आहे."

"मग?"

"मग मी पाठवणार नाही. दुसरी बोट बघते. साधी आहे, टब नाही, पण..."

"ताई!" ही धाकटी. "तू परत तेच करतेयस."

वर तिची खुर्ची मागे सरकली.

"सव्वीस वर्षांपूर्वी तू माझं विमान थांबवलंस, माझ्यावर प्रेम म्हणून. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. तुला जग बघायचंच नाहीये. तुला फक्त ते कुठे मोडतंय ते बघायचंय."

ताई म्हणाल्या, "त्या वेळी माझं चुकलं असेल. आत्ता चुकत नाहीये."

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस."

जिन्यावरून सहा जोडी पावलं उतरली. त्यांनी ती बोट थेट बुक केली. आजकाल त्याला लागतं काय, फोन आणि अंगठा.

त्या गेल्या. बोटीवरचे पहिले दोन दिवस धाकटीने एकही ओळ पाठवली नाही. डॉक्टरीण मात्र सगळ्या ओळखीपाळखीत फोटो वाटत होती. टबात सहा जणी, माना मागे टाकून हसताहेत. मागे काळं पाणी. तिसऱ्या दिवशी फोटो थांबले. तिकडे टॉवर नाहीत, हे ताईंना चांगलं ठाऊक होतं, त्यांनीच कित्येकांना समजावलं होतं. तरी त्या दिवशी त्यांनी कुणाचा फोन घेतला नाही. दुपारी चहा घेऊन मी वर गेलो, तर त्या संगणकावर वाऱ्याचे नकाशे उघडून बसलेल्या. वारा नव्हताच. सगळीकडे फिकट निळं, शांत.

"वारा नाहीये, ताई. चांगलंच आहे की."

"दादांना विचारलं मी काल," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, तसल्या बोटीला कलंडायला वारा लागत नाही. सगळे एका बाजूला देवमासा बघायला धावले तरी पुरतं."

पाचव्या दिवशी निरोप आला. सगळ्या सुखरूप. विमानात बसताहेत.

आता इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. ताई तोंडघशी पडल्या, एवढंच झालं असतं. डॉक्टरिणीने कुठलीही कसर ठेवली नाही. दाताला हात लावायच्या आधी ती प्रत्येक पेशंटला हा किस्सा सांगायची, आणि तोंडात आरसा असल्यामुळे पेशंट नुसता मान हलवायचा. दोन महिन्यांत ताईंची तीन बुकिंगं गेली. जिन्यावर पावलं कमी झाली.

मग एके दिवशी दुपारी धाकटी आली. एकटीच. वर गेली नाही, माझ्या दुकानात शिरली आणि दादाला म्हणाली, "तुम्हाला एक दाखवायचंय. पण ताईला आत्ता सांगू नका."

फोनवर व्हिडिओ होता. बोटीतलं जेवणाचं टेबल. मैत्रिणींचा गलका. टेबलावर पाण्याचा पेला. बोटीची स्वयंपाकीण, जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई, सूप वाढतेय. बाहेर कुणीतरी ओरडतं, देवमासा! खुर्च्या सरकतात, सगळ्या उजव्या खिडक्यांकडे धावतात. पेला हळूहळू उजवीकडे सरकायला लागतो. सरकतो. कडेला जाऊन थांबतो. स्वयंपाकीण सुपाचं भांडं छातीशी धरून उभी राहते, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जातं. मैत्रिणी किंचाळतात, हसतात. पेला तिथेच आहे. मग कितीतरी वेळाने, जणू कुणीतरी मनात नसताना सोडल्यासारखी, बोट सरळ होते.

दादाने तो तीनदा बघितला. हातातल्या घड्याळावर मोजलं.

"अकरा सेकंद," तो म्हणाला. "अकरा सेकंद ती विचार करत होती."

धाकटी म्हणाली, "त्या बाईने नंतर मला हात धरून बाजूला नेलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. तिने बोटाने वर दाखवलं, त्या खोलीकडे, आणि नाही अशी मान हलवली. मग माझ्या ताटात आणखी एक पाव ठेवला. मी कुणाला काही बोलले नाही. कशी बोलणार होते? एवढं भांडून गेले होते."

"आणि आता?"

"आता रोज अंघोळीला पाणी काढताना तो पेला दिसतो."

तेवढ्यात जिना वाजला. ताई दारात उभ्या. किती ऐकलं कोण जाणे. त्या आत आल्या, बहिणीच्या हातातला फोन घेतला, व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मला वाटलं, आता म्हणतील, बघ. म्हटलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. त्या म्हणाल्या, "चल वर. पत्र लिहायचंय."

त्या दोघींनी तिकडच्या बंदर खात्याला पत्र लिहिलं. सर्टिफिकेटची प्रत, काचेच्या खोलीचे फोटो, टबाचं माप, व्हिडिओ. दादाने दोन परिच्छेद सांगितले, जहाजी भाषेतले. उत्तर आलं ते यंत्राने पाठवलेलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' मग ताईंनी दर मंगळवारी फोन लावायला सुरुवात केली. तो विभाग आमचा नाही. साहेब रजेवर आहेत. बोट हिवाळ्यात बंदच असते, घाई काय? नवव्या मंगळवारी कुणीतरी खरंच फाइल उघडली. बोट मुद्दाम कलती करून तपासायची, असं ठरलं. तारीख मिळाली. पुढच्या हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यातली.

"दुसऱ्या का?" ताई फोनवर विचारत होत्या. मी खाली ऐकत होतो. "पहिल्या आठवड्यात पाहुणे नसतात का?" पलीकडचा माणूस काय म्हणाला, कळलं नाही. ताई म्हणाल्या, "नाही, मी वाद घालत नाहीये. मी विनंती करतेय."

धाकटीने त्या नव्या मालकालाही लिहिलं. त्याने उत्तरात पुढच्या सहलीवर सवलत देऊ केली.

हंगामाच्या चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, लख्ख उन्हात ती बोट बंदराच्या तोंडाशी कलंडली. लाट नव्हती, वारा नव्हता. किनाऱ्यावरून बघणाऱ्या एकाने पुढे सांगितलं की ती पडली असं वाटलंच नाही, ती आडवी झाली. झोपायला गेल्यासारखी. अकरा जण होते. आठ जणांना मासेमारीच्या होड्यांनी बाहेर काढलं. एक निवृत्त जोडपं, जे वरच्या खोलीत होतं, आणि खाली स्वयंपाकघरात असलेली ती बाई, हे तिघं गेले.

बातमी धाकटीने आधी वाचली. ती आमच्या इमारतीपर्यंत आली, पण जिना चढेना. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसली, समोर डोळे तपासायची अक्षरं, आणि ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तिने मला पाव दिला होता. मी तिला निदान हाताने खूण करून 'उतर' म्हणायला हवं होतं."

दादा म्हणाला, "पोरी, ती तिची नोकरी होती. उतरून कुठे गेली असती?"

ताई खाली आल्या. बहिणीच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून बसल्या. एक गिऱ्हाईक दार उघडून आत डोकावलं आणि आमच्याकडे बघून परत गेलं.

चौकशी झाली तेव्हा ताईंना साक्षीला बोलावलं. त्या आणि धाकटी दोघी गेल्या. तिथे मालकाच्या वकिलाने विचारलं, "आपण कधी या बोटीवर पाऊल ठेवलं होतं का?" ताई म्हणाल्या, "नाही." "आपलं जहाजबांधणीतलं शिक्षण?" "काही नाही." "मग आपल्याला कळलं कसं?" ताई म्हणाल्या, "कळलं नव्हतं. मी दोन तारखा वाचल्या. तुमच्याकडेही त्याच होत्या." वकील पुढच्या कागदाकडे वळला, असं धाकटी सांगते.

परत आल्यावर लोकांनी ताईंना डोक्यावर घेतलं. गेलेली तिन्ही बुकिंगं परत आली, वर आणखी वीस. डॉक्टरीण स्वतः आली, फुलं घेऊन, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली ऐकू आला नाही. पण ताईंना ते सगळं बोचायचं. कुणी म्हणालं, तुम्हाला आधीच दिसलं होतं ना, की त्या म्हणायच्या, "दिसून काय झालं? पत्र पोचलं, बाई नाही वाचली." आणि विषय बदलायच्या.

धाकटीने तिची नोकरी सोडली. आता ती वरच बसते, ताईंच्या समोरच्या टेबलाशी. नकार कळवायचं काम तिने मागून घेतलंय. लोक चिडतात, ओरडतात, आमचं आयुष्यभराचं स्वप्न होतं म्हणतात. ती ऐकून घेते आणि म्हणते, "माझंही होतं."

चौकशीच्या अहवालाची एक प्रत ताईंना आली. शेवटच्या पानांवर एक यादी आहे. ज्या कारखान्याने ती काचेची खोली बांधली, त्याने तसल्याच खोल्या आणखी चार बोटींवर चढवल्या होत्या. तीन बोटी सापडल्या आणि धक्क्याला बांधून ठेवल्या आहेत. चौथी विकली गेली होती. कुणाला, कुठल्या समुद्रात, कुठल्या नावाने, ते कागदोपत्री कुठेच नाही.

दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की वरून पानं उलटल्याचा आवाज येतो. जगभरच्या सहलींची ब्रोशरं असतात, गुळगुळीत कागदाची, निळ्या पाण्याची. दोघी बहिणी एकेक फोटो बघत असतात. मधूनच धाकटी भिंग मागायला खाली येते. परवा मी विचारलं, काही मिळालं का.

"अजून नाही," ती म्हणाली. "रंग बदलला असणार. आम्ही फक्त अभिप्राय वाचतोय. कुणी लिहिलंय का, की अजिबात मळमळलं नाही."

मग भिंग घेऊन ती जिना चढून गेली.